प्रयोगशाळेतल्या उंदराला रोगापासून दूर कसं ठेवतात?

१९९५ साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत प्रयोगाच्या उंदरांमध्ये एक्ट्रोमेलियाची साथ आली. हा विषाणू माणसाच्या देवीच्या विषाणूच्याच कुळातला. काही जातींच्या उंदरांना तो फार झपाट्याने मारतो. साथीचं मूळ शोधत गेल्यावर ते सापडलं बाजारातून विकत आणलेल्या उंदराच्या सीरममध्ये. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव. पेशी वाढवायला आणि चाचण्यांना तो लागतो. कुणा आजारी उंदराच्या रक्तातून विषाणू त्या सीरममध्ये आला होता आणि गोठवलेल्या अवस्थेत जिवंत राहिला होता. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तेच झालं, आणि पुन्हा दोष निघाला विकतच्या सीरमचाच.

प्राणिगृहाची स्वच्छता म्हणजे झाडू, फिनेल आणि पांढरे कोट, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण तिथे आत येणारी प्रत्येक गोष्ट रोग आणू शकते: नवा प्राणी, खाद्य, पाणी, पिंजऱ्यातला भुसा, माणसाच्या चपला, फ्रिजमधली बाटलीसुद्धा. त्यातली कोणती वाट किती धोक्याची आहे आणि ती कशी बंद करायची, हे ठरवणं हेच प्राणिगृहातल्या रोगनियंत्रणाचं काम.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा नाही. परळची हाफकिन संस्था, पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था आणि पेशी विज्ञान केंद्र, खारघरचं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, शिवाय राज्यभरातली कितीतरी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयं, या सगळ्यांचं काम प्राणिगृहांशी जोडलेलं आहे. प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण जोवर प्रयोग होत आहेत, तोवर एक गोष्ट मला अजिबात पटत नाही: नीट न सांभाळलेल्या, आतून आजारी प्राण्यावर प्रयोग करायचा, चुकीचं उत्तर मिळवायचं आणि त्या प्राण्याचा जीव फुकट घालवायचा.

आजार दिसत नाही

प्रयोगशाळेतला उंदीर आजारी पडला तर तो मरेल किंवा निदान मलूल तरी दिसेल, असं आपण धरून चालतो. एक्ट्रोमेलियासारख्या रोगात तसं होतंही. पण खरा त्रास देतात ते न दिसणारे संसर्ग. पिंजऱ्यात उंदराला वेळेवर खायला मिळतं, ऊब मिळते, मांजराची भीती नसते. अशा आरामात प्रौढ उंदीर कित्येक जंतू अंगावर वागवतो आणि वरून अगदी तुकतुकीत दिसतो.

माऊस हेपॅटायटिस विषाणू हे याचं ठळक उदाहरण. हा उंदरांचा कोरोना विषाणू आहे. लहान पिल्लांना तो मारू शकतो, पण मोठ्या, धडधाकट उंदरांमध्ये बहुधा काहीच लक्षणं दिसत नाहीत. आत मात्र तो रोगप्रतिकारक पेशींचं वागणं बदलतो. तुम्ही एखाद्या औषधाचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो हे मोजत असाल, तर तुमच्या आकड्यांमध्ये औषध किती आणि विषाणू किती हे सांगता येत नाही. उंदरांचा पार्व्हो विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींमध्ये वाढतो, म्हणजे गाठींच्या आणि प्रतिकारशक्तीच्या प्रयोगांत नेमक्या ज्या पेशींवर लक्ष असतं त्यांच्यातच. आतड्यातल्या बारीक पांढऱ्या सूतकृमींचंही असंच. कृमी झालेला उंदीर दिसायला ठीक असतो, पण त्याची प्रतिकारशक्ती वेगळ्या दिशेला वळलेली असते.

सगळ्यात बोलकं उदाहरण हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसचं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं. एखाद्या रसायनाने कर्करोग होतो का हे तपासताना उंदरांचे दोन गट करतात. एका गटाला रसायन देतात, दुसऱ्याला देत नाहीत. हा दुसरा गट म्हणजे कंट्रोल गट. दोन वर्षांनी दोन्ही गटांतल्या गाठी मोजतात आणि फरक बघतात. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या फ्रेडरिक इथल्या केंद्रात असं आढळलं की ज्यांना काहीही दिलं नव्हतं त्या कंट्रोल गटातल्या उंदरांच्या यकृताला सूज होती आणि तिथे गाठीही होत्या. कारण शोधताना एक मळसूत्री आकाराचा, तोवर कुणाला माहीत नसलेला जिवाणू सापडला. १९९४ मध्ये त्याचं वर्णन आणि नाव प्रसिद्ध झालं. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाला स्वतःच्या १२ दीर्घकालीन चाचण्यांकडे या जिवाणूच्या नजरेतून पुन्हा बघावं लागलं. दोन-दोन वर्षं चाललेल्या, कितीतरी प्राणी वापरलेल्या चाचण्या! त्यांतल्या काही उंदरांच्या यकृतातल्या गाठी रसायनामुळे की जिवाणूमुळे, हा प्रश्न उभा राहिला. एखादं रसायन माणसांसाठी सुरक्षित आहे की नाही, याचा निर्णय अशाच चाचण्यांवर ठरतो.

दारातच थांबवणं

नवे प्राणी आले की ते थेट इतरांमध्ये मिसळत नाहीत. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात, हेच क्वारंटाइन. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी जी वैधानिक समिती आहे, पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए या नावाने ओळखली जाणारी, तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उंदीर, गिनीपिग अशा लहान प्राण्यांसाठी हा काळ एक आठवडा ते एक महिना आणि कुत्रा, मांजर, माकड यांच्यासाठी सहा आठवड्यांपर्यंत असतो. एवढा वेळ का? कारण संसर्ग झाल्यापासून लक्षणं किंवा रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दिसेपर्यंत मधे दिवस जातात. शिवाय प्रवासाचा ताण असतो. ट्रकमधून, विमानातून, उन्हातून आलेल्या प्राण्याची प्रतिकारशक्ती काही दिवस ढासळते आणि दबून असलेला आजार वर येतो. तो यायचा असेल तर क्वारंटाइनच्या खोलीत यावा.

माणसांच्या ये-जा करण्यालाही दिशा असते. काळजी घेणारा सेवक सकाळी आधी सर्वांत स्वच्छ, निरोगी कळपाच्या खोलीत जातो. मग साधारण कळपाकडे, आणि शेवटी क्वारंटाइनमध्ये किंवा आजारी प्राण्यांकडे. उलट कधीच जायचं नाही; जावंच लागलं तर आंघोळ करून, कपडे बदलून. मोठ्या प्राणिगृहांत यासाठी दोन वेगळे कॉरिडॉर बांधतात. एकातून धुतलेले पिंजरे, ताजं खाद्य, स्वच्छ भुसा खोल्यांमध्ये जातो आणि दुसऱ्यातून मळके पिंजरे व कचरा बाहेर पडतो. हवेलाही हाच नियम. निरोगी प्राण्यांच्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते आणि बाहेरची धूळ आत येत नाही. क्वारंटाइनच्या खोलीत दाब कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर निसटत नाही. या दोन खोल्यांचे दाब चुकून उलटे झाले तर सगळी इमारतच रोग पसरवण्याचं यंत्र होते. म्हणून दाबमापकाची नोंद रोज घ्यायची असते, तपासणीचे लोक येणार त्या दिवशीच नव्हे.

सूचनांमध्ये खोलीची हवा तासाला १२ ते १५ वेळा बदलावी, तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी असं सांगितलं आहे. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात आर्द्रता ७० टक्क्यांखाली ठेवणं किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको. विदर्भातल्या मे महिन्यात वीज गेली तर तापमान किती वेळ आटोक्यात राहील, याचं उत्तर जनरेटरमध्ये डिझेल आहे की नाही यावर अवलंबून असतं.

वास येतो म्हणजे काय होतं

पिंजऱ्यातल्या भुशावर उंदीर लघवी करतो. लघवीत युरिया असतो. भुशातले आणि विष्ठेतले जिवाणू त्या युरियाचे तुकडे करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. जितका ओलावा जास्त, ऊब जास्त, पिंजऱ्यात गर्दी जास्त आणि भुसा जुना, तितका अमोनिया जास्त. आपल्याला खोलीत शिरल्यावर नाकाला झोंबतो तो खोलीच्या हवेत पातळ झालेला अमोनिया. उंदराचं नाक भुशापासून इंचभर अंतरावर असतं. माणसाला जेमतेम जाणवतो तेव्हा पिंजऱ्याच्या आत तो कितीतरी पटींनी साठलेला असू शकतो.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू वर ढकलतात. अमोनियामुळे हे तंतू निकामी होतात. रॅट म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा उंदीर; त्याच्या फुप्फुसात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू असेल तर एरवी तो बराच काळ शांत राहू शकतो. पण अमोनिया वाढला की तोच जिवाणू फुप्फुसं पोखरू लागतो, आणि १९७०च्या दशकातल्या प्रयोगांनी हा संबंध स्पष्ट दाखवला. जिवाणू तोच, प्राणी तोच, फक्त भुसा बदलायला उशीर झाला, एवढ्यावर आजाराची तीव्रता ठरते. म्हणूनच खोलीत सुगंधी फवारा मारून वास झाकणं हा गुन्हाच समजायला हवा. वास ही सूचना आहे. ती दाबून टाकली की प्राण्याचा त्रास तसाच राहतो आणि माणसाला तो कळायचाही बंद होतो.

मग भुसा रोजच बदलावा का? तसंही नाही. उंदीर वासाच्या जगात राहतो. आपलं घरटं, आपले सोबती तो वासावरून ओळखतो. सगळं एकदम बदललं की नरांमध्ये मारामाऱ्या वाढतात, आणि नुकती व्यालेली मादी बिथरून पिल्लं खाऊही शकते. यावर उपाय साधा आहे: घाणेरडा भुसा टाकायचा, पण घरट्याच्या कापसाचा किंवा कागदाचा थोडा जुना, कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवायचा. सर्वसाधारण पद्धत म्हणजे तळ भरीव असलेले पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या आठवड्यातून निदान एकदा बदलणं. गर्दी, जात, पिंजऱ्यातलं वायुवीजन यांवरून हे मागेपुढे होतं. ते ठरवायला कॅलेंडरपेक्षा पिंजऱ्याकडे रोज डोळसपणे बघणारा माणूस जास्त उपयोगी.

भुशाची निवडही हलकी नाही. आपल्याकडे भाताचं तूस आणि मक्याच्या कणसाचा भुगा वापरतात. तो ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढूनच पिंजऱ्यात घालायचा. देवदारासारख्या सुगंधी, मऊ लाकडाचा भुसा मात्र टाळतात. १९६७ मध्येच दिसलं होतं की अशा लाकडातल्या तेलांमुळे उंदराच्या यकृतातली औषधं पचवणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. म्हणजे झोपेचं औषध दिलेला उंदीर भुशामुळे लवकर जागा होतो आणि संशोधकाला वाटतं औषध कमजोर आहे.

धुणं आणि निर्जंतुक करणं, दोन वेगळी कामं

जंतुनाशक मळावर काम करत नाही. विष्ठा, लघवीचे वाळलेले क्षार, खाद्याचे कण हे सगळं आधी खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन काढावं लागतं. लघवीचे क्षार साबणालाही दाद देत नाहीत. त्यांना आम्लाचा द्राव लागतो. त्यानंतर गरम पाणी. पिंजरे धुण्याच्या यंत्रात शेवटचं पाणी सुमारे ८२ अंशांपर्यंत तापवतात. त्याहूनही खात्री हवी असेल तर ऑटोक्लेव्ह: १२१ अंशांवर साधारण १५ ते २० मिनिटं. पण ही मिनिटं वाफ भुशाच्या पोत्याच्या मध्यापर्यंत पोहोचल्यावर मोजायची असतात, बटण दाबल्यापासून नव्हे. ठासून भरलेल्या पोत्याच्या पोटात वाफ शिरतच नाही.

कोणतं जंतुनाशक वापरायचं हे शत्रू कोण यावर अवलंबून आहे. कोरोना विषाणूसारख्यांभोवती चरबीचं वेष्टण असतं. साबण, अल्कोहोल यांनी ते फाटतं आणि विषाणू संपतो. पार्व्हो विषाणूला असं वेष्टणच नसतं, त्यामुळे हातावरचं अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवत नाही. तिथे क्लोरीनयुक्त द्राव किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्रकारातली रसायनं लागतात. सूतकृमींची अंडी हलकी असतात, धुळीबरोबर उडतात, पृष्ठभागांना चिकटतात आणि बहुतेक द्रावांना पुरून उरतात. त्यांच्यासाठी उष्णता हाच भरवशाचा इलाज. आणि प्रत्येक द्रावाला वेळ लागतो. पुसलं आणि लगेच कोरडं केलं, तर फक्त ओलं करून घेतलं एवढंच झालं.

पाण्याच्या बाटलीबद्दल एक छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट. उंदीर नळीतून पाणी पितो तेव्हा त्याची लाळ बाटलीत परत जाते. म्हणून अर्धी रिकामी बाटली वरून भरायची नाही; काढायची आणि धुतलेली दुसरी लावायची. काही ठिकाणी पाण्याचा सामू (पीएच) २.५ ते ३ इतका आम्लयुक्त करतात, त्यामुळे स्यूडोमोनास जिवाणू वाढत नाही.

खाद्याची गोष्ट पावसाळ्याशी बांधलेली आहे. ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात, जे यकृताचा कर्करोग घडवणारं विष आहे. खाद्याची पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. फळ्यांवर, भिंतीपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवायची आणि सर्वसाधारणपणे बनवल्यापासून सहा महिन्यांत संपवायची. ऑटोक्लेव्ह केलेल्या खाद्यातली काही जीवनसत्त्वं नष्ट होतात, म्हणून ती आधीच जास्त घातलेली असतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या खाद्यात हे नुकसान कमी असतं, पण ते महाग पडतं.

परळच्या पिंजऱ्यांनी काय शिकवलं

कीटक आणि रानटी उंदीर यांच्याबद्दल बोलताना मुंबईचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. १८९६ पासून मुंबई प्लेगने हैराण होती. १९०५ मध्ये कामाला लागलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात, म्हणजे आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे, लहान लहान खोल्या बांधून घेतल्या आणि त्यांत प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी प्राणी अगदी जवळ राहूनही प्लेग पसरत नाही असं दिसलं. पिसवा सोडल्या की प्लेग पसरे. मग काही पिंजरे जमिनीपासून वर टांगले. जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर, पिसू उडी मारून पोहोचेल अशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग होई; दोन फुटांवर टांगलेले वाचत. १९०६ पासून हे निष्कर्ष छापून आले आणि प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे जगाने मानलं.

माझ्या दृष्टीने प्राणिगृहाच्या स्वच्छतेचा हा फार मोठा धडा आहे, आणि तो आपल्याच शहरात, गिनीपिगांच्या जिवावर मिळाला आहे. जवळीक धोकादायक की वाहक धोकादायक, हे ओळखल्याशिवाय केलेली स्वच्छता आंधळी असते. आजही पिंजऱ्यांचा रॅक भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर असतो, दारांना उंदीर-अटकाव लावतात, गटारांना जाळी बसवतात आणि भिंतीतल्या पाइपभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवतात. झुरळांसाठी कीटकनाशक फवारणं मात्र प्राण्यांच्या खोलीत टाळतात, कारण काही कीटकनाशकंही त्या देवदाराच्या भुशासारखी यकृताची विकरं बदलतात. सापळे, चिकट पट्ट्या आणि बुजवलेली फट हेच बरं.

प्रत्येक पिंजऱ्याला स्वतःची हवा

१९५८ मध्ये येल विद्यापीठात लिस्बेथ क्राफ्ट या पशुवैद्य संशोधिकेने उंदरांच्या पिल्लांमधल्या जुलाबाच्या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लं जुलाबांनी हैराण होत आणि साथ एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाई. क्राफ्टबाईंनी पिंजऱ्यांवर गाळणीच्या कापडाचं आच्छादन घातलं आणि साथ थांबली. त्या साथीचा विषाणू पुढे रोटा विषाणू असल्याचं कळलं. त्या आच्छादनातूनच आजचे गाळणीच्या झाकणाचे पिंजरे आले, आणि १९८०च्या दशकापासून प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र नळीने गाळलेली हवा पुरवणारे रॅक. अशा रॅकमुळे एका पिंजऱ्यातला रोग शेजारी जात नाही, सेवकांच्या नाकात उंदरांची धूळ जात नाही आणि भुसा कोरडा राहतो. पण त्यांनी एक नवी अडचण उभी केली.

पूर्वी, उघड्या पिंजऱ्यांच्या खोलीत रोग शिरला की तो पटकन बहुतेकांना होई. त्यामुळे तपासणी सोपी होती. समजा कळपातल्या ३० टक्के प्राण्यांना संसर्ग आहे. यादृच्छिकपणे उचललेला एक प्राणी निरोगी निघण्याची शक्यता ०.७. नऊच्या नऊ निरोगी निघण्याची शक्यता ०.७ नऊ वेळा गुणून सुमारे ४ टक्के. म्हणजे नऊ प्राणी तपासले तर ९५ टक्क्यांहून जास्त खात्रीने संसर्ग पकडला जातो. पण संसर्ग फक्त ५ टक्क्यांना असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी ५९ प्राणी तपासावे लागतात. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यात शिजला असेल तर. स्वतंत्र हवेच्या रॅकमध्ये प्रत्येक पिंजरा म्हणजे वेगळं पातेलं.

म्हणून पहारेकरी उंदीर ठेवतात. खात्रीने निरोगी असलेल्या उंदरांचा एक पिंजरा रॅकवर ठेवायचा आणि इतर सगळ्या पिंजऱ्यांतला थोडा थोडा वापरलेला भुसा नियमितपणे त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा. साधारण तीन महिन्यांनी त्यांचं रक्त आणि विष्ठा तपासली की सगळ्या रॅकची खबर मिळते. युरोपातल्या प्रयोगशाळा-प्राणी संघटनांच्या महासंघाच्या २०१४च्या शिफारशींतही अशी तिमाही तपासणी आहे. पण पहारेकऱ्यालाही मर्यादा आहेत. सेंदाई विषाणू श्वासावाटे पसरतो, भुशातून फारसा नाही. अंगावरचे माइट नावाचे बारीक परजीवी किडे भुशातून नीट जात नाहीत. अशांबाबत पहारेकरी निरोगी निघतो आणि कळप आजारीच असतो. म्हणून आता रॅकमधून बाहेर जाणाऱ्या हवेच्या गाळणीवरची धूळ पुसून तिची पीसीआर तपासणी करण्याकडे कल वाढतो आहे. यात प्रत्येक पिंजऱ्याची हवा येते आणि पहारेकरी उंदरांचे जीवही वाचतात. मला ही दिशा मनापासून योग्य वाटते.

रोग शिरलाच तर

काही कळप पूर्ण मारून, खोली निर्जंतुक करून नव्याने सुरुवात करावी लागते. पण एखादी जनुकीय जात जगात एकाच ठिकाणी असेल तर? तेव्हा गर्भाशय बहुधा निर्जंतुक असतं या वस्तुस्थितीचा आधार घेतात. आजारी मादीचं सिझेरियन करून पिल्लं निरोगी दाई-मादीच्या कुशीत देतात, किंवा भ्रूण धुऊन निरोगी मादीच्या गर्भाशयात सोडतात. पिल्लू जन्मतं ते रोग मागे ठेवून.

दाईची ही कल्पना कर्करोगाच्या एका मोठ्या शोधाशीही जोडलेली आहे. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवलं की स्तनाच्या गाठी फार होणाऱ्या जातीची पिल्लं दुसऱ्या, कमी गाठी होणाऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली तर गाठी कमी होतात. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. पुढे तो विषाणू असल्याचं सिद्ध झालं. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच क्षेत्रात, उंदरांमधला स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं आणि गाठींचा विषाणू यांच्या संबंधावर काम केलं. अशा कामात कोणतं पिल्लू कोणत्या आईचं दूध प्यायलं याची नोंद हाच प्रयोगाचा पाया असतो. पिंजऱ्यावरचं कार्ड चुकलं की सगळं गेलं.

माणसं

प्राण्यांचे रोग माणसांपर्यंत येतात. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माकड चावल्यामुळे एक तरुण डॉक्टर मेंदूच्या आजाराने मृत्युमुखी पडला, आणि त्यातून माकडांमधल्या बी विषाणूचा शोध लागला. १९९७ मध्ये अटलांटातल्या एका माकड संशोधन केंद्रात २२ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्यात माकडाच्या पिंजऱ्यातून घाण उडाली आणि त्याच विषाणूने तिचा जीव घेतला. डोळ्यांचं संरक्षण त्यानंतर कडक झालं. १९७० आणि ८०च्या दशकांत जपानमधल्या प्रयोगशाळांत मोठ्या उंदरांपासून हंटा विषाणू कर्मचाऱ्यांना झाला. उलटही होतं: क्षयरोग माणसाकडून माकडाला लागतो, म्हणून माकडांच्या सेवकांची क्षयरोगाची तपासणी नियमित हवी. आणि संसर्गाहून सर्रास आढळणारा त्रास म्हणजे ॲलर्जी. उंदराच्या लघवीतली प्रथिनं धुळीबरोबर नाकात जातात. शिंकांपासून सुरू होऊन दम्यापर्यंत मजल जाते. भुसा रिकामा करणाऱ्या सेवकाला चांगला मास्क न देता त्याच्याकडून निर्जंतुकतेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

प्राण्यातला न दिसलेला विषाणू किती दूर जाऊ शकतो, याचं उदाहरण पोलिओच्या लशीचं. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत, आणि ती ऱ्हीसस माकडं मोठ्या प्रमाणावर भारतातून जात. १९६० मध्ये त्या पेशींमध्ये एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू सापडला. १९५५ ते १९६३ या काळातल्या काही लशींमध्ये तो होता. या लशींमुळे माणसांत कर्करोग वाढल्याचा पुरावा नंतरच्या मोठ्या अभ्यासांत मिळाला नाही, पण पेशी देणारा प्राणी आधी तपासायचा, हा धडा लस उत्पादनात कायमचा बसला.

छोट्या महाविद्यालयात

आपल्याकडे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८चे नियम आहेत, संस्थेची नोंदणी आणि नैतिक समिती बंधनकारक आहे. पण तालुक्याच्या गावातल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात स्वतंत्र हवेचे रॅक आणि पीसीआर येणार कुठून? नाही आलं तरी बरंच करता येतं. खोलीत शिरायचा क्रम ठरवून दारावर लिहून लावता येतो. रबरी चपला आणि कोट त्या खोलीचेच ठेवता येतात. घरी पांढरे उंदीर, ससे पाळणाऱ्याला प्राण्यांच्या खोलीचं काम न देणं फुकट आहे. छोट्या ऑटोक्लेव्हमध्येही भुसा सैल भरला तर नीट होतो. मेलेला प्रत्येक प्राणी टाकून देण्याआधी पशुवैद्याकडून उघडून बघून घेतला, आणि तारीख, पिंजरा क्रमांक, काय दिसलं हे वहीत लिहिलं, तर सहा महिन्यांत त्या वहीत साथीचा माग दिसू लागतो. ही वही बहुधा प्राध्यापकापेक्षा सेवकाच्या डोळ्यांवर चालते. आज कुणी पाणी कमी प्यायलं, कुणाचे केस उभे आहेत, कोण कोपऱ्यात बसलंय, हे त्यालाच आधी कळतं. त्याला विचारायची आणि त्याचं लिहून घ्यायची पद्धत हवी.

आणि प्राणी विकत घेताना पुरवठादाराकडे किमतीआधी आरोग्य अहवाल मागावा: गेल्या तीन महिन्यांतला, कोणकोणत्या विषाणू, जिवाणू आणि परजीवींसाठी तपासलं, किती प्राणी तपासले, कोणत्या पद्धतीने, आणि काय निघालं. ‘सर्व प्राणी निरोगी आहेत’ एवढंच लिहिलेला कागद परत पाठवावा.